लग्न 5 आठवड्यांवर आलंय, चेहऱ्यात विरघळणारे धागे घालून घेऊ का?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी नाशिकची, वय 52, शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी पाळी गेली आणि तेव्हापासून चेहरा एकदम उतरलाय. जबड्याची कड राहिली नाही, नाकापासून ओठांकडे येणाऱ्या रेषा खोल गेल्यात. माझ्या मुलीचं लग्न 5 आठवड्यांवर आहे. पुण्याच्या नणंदेने मागच्या वर्षी विरघळणारे धागे घालून घेतले, तिला फरक पडला. मी इथल्या एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. तिथल्या काउन्सेलर बाईंनी सांगितलं की 20 मोनो धागे घालू, 45 हजार रुपये होतील, चेहरा वर उचलला जाईल, 2 वर्षं बघायला नको, आणि आजच पैसे भरले तर सूट मिळेल. डॉक्टर काही भेटले नाहीत. मला मधुमेह आहे, गेल्या वेळी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) 8.4 आलं होतं. पुटकुळी येऊन गेली तरी तिचा काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. डागांसाठी मैत्रिणीने दिलेलं क्रीम गेले काही महिने लावते आहे, त्याने छान उजळलं. एका दाढेचं रूट कॅनलही करायचं राहिलंय. आमचे हे म्हणतात, "या वयात कशाला हवेत हे सोस?" माझं काही चुकतंय का? धागे घालून घेऊ की नको?

उत्तर

ताई, नमस्कार.

लग्नाआधी घालू नका. ज्या क्लिनिकने तुम्हाला हे सांगितलं, तिथे तर नंतरही घालू नका. आधी एवढं ठाम सांगून ठेवते, कारण सूट आजपुरतीच आहे म्हटल्यावर माणूस घाईत पैसे भरून बसतो. बाकीचं सविस्तर बोलू, कारण तुमचा प्रश्न रास्त आहे आणि धागे हा प्रकारही सगळाच खोटा नाही.

पाळी गेली आणि चेहरा एकदम उतरला असं तुम्ही लिहिलंय. तो तुमच्या मनाचा खेळ नाही. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजेन ऐन तारुण्यापासूनच दरवर्षी थोडं थोडं कमी होत असतं, पण ते इतकं हळू चालतं की आपल्या लक्षात येत नाही. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाली येतं आणि हा वेग एकदम वाढतो. पहिल्या 5 वर्षांत त्वचेतलं जवळपास 30 टक्के कोलॅजेन जातं, त्यानंतर दरवर्षी सुमारे 2 टक्के. तुम्ही नेमक्या त्या पहिल्या 5 वर्षांत आहात. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी बायका "डॉक्टर, दोन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारी झाले" असं खाली मान घालून सांगतात, जणू त्यांनी स्वतःची काळजी घेतली नाही म्हणून हे झालं. तसं नसतं, ताई. शरीरात खरोखर मोठा बदल झालेला असतो.

त्यात मधुमेह. रक्तातली साखर बराच काळ वाढलेली राहिली की ती कोलॅजेनच्या तंतूंना चिकटते, तंतू ताठर होतात आणि त्वचेची लवचीकता जाते. म्हणून 8.4 हा आकडा फक्त तुमच्या फिजिशियनचा विषय नाही, माझाही आहे. चेहरा उतरण्यामागे आणखी एक भाग असतो, तो जाहिरातींत कधी दिसत नाही. वय वाढतं तशी गालांतली चरबी विरते आणि खाली सरकते, जबड्याचं आणि डोळ्यांभोवतीचं हाडही झिजतं. म्हणजे वरच्या त्वचेइतकाच आतला आधारही कमी झालेला असतो. फक्त त्वचेवर काम करणाऱ्या उपचाराला इथे मर्यादा पडणारच.

आता धाग्यांकडे येऊ. चेहऱ्यात घालतात त्यांतले बहुतेक धागे पीडीओ म्हणजे पॉलीडायऑक्सानोनचे असतात. हा पदार्थ नवा नाही. 1980च्या दशकापासून शल्यविशारद याच धाग्याने शरीराच्या आत टाके घालत आले आहेत, लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेतसुद्धा. शरीरातल्या पाण्याने तो हळूहळू विघटित होतो आणि साधारण 6 ते 8 महिन्यांत विरघळून जातो. पीएलएलए आणि पीसीएल नावाचे धागेही मिळतात, ते जास्त काळ राहतात. 1990च्या दशकात रशियात डॉ. मार्लेन सुलामानिद्झे यांनी चेहरा उचलण्यासाठी काटेरी धागे वापरायला सुरुवात केली तेव्हा ते न विरघळणारे होते. पुढे विरघळणारे आले आणि कोरियातल्या डॉक्टरांनी पीडीओचा वापर खूप वाढवला. आपल्याकडे आज दिसते ती लाट मुख्यतः तिथूनच आली आहे.

या धाग्यांचे दोन मोठे प्रकार आहेत, आणि तुमची फसगत नेमकी इथे होणार होती.

मोनो धागा गुळगुळीत असतो. बारीक सुईतून तो त्वचेखाली ठेवतात, पण तो कशालाच धरून ठेवत नाही. त्याला काटे नसतात आणि त्याला कुठे बांधलेलंही नसतं, त्यामुळे तो चेहरा वर उचलूच शकत नाही. त्याच्याकडून अपेक्षा असते ती फक्त आजूबाजूला थोडं नवं कोलॅजेन तयार होण्याची. कॉग धागा जाड असतो आणि त्याला माशाच्या काट्यासारखे बारीक काटे असतात. कानशिलाजवळ, केसांच्या रेषेत छोटं छिद्र करून बोथट टोकाच्या नळीतून तो गालात नेतात. काटे आतल्या ऊतींना धरतात, डॉक्टर तो हलकेच वर ओढतात आणि बाहेर उरलेलं टोक कापून टाकतात. लटकलेला भाग वर जाताना दिसतो तो या धाग्याने. तुम्हाला 20 मोनो धाग्यांनी चेहरा वर उचलला जाईल असं सांगितलं गेलं. तसं होत नाही. सांगणाऱ्या बाईंना हा फरक माहीत नव्हता किंवा माहीत असून त्यांनी तो सांगितला नाही, आणि यांतलं काहीही खरं असलं तरी तुमचा चेहरा त्यांच्या हाती देण्यासारखा नाही.

कोलॅजेनच्या दाव्यात तथ्य आहे, फक्त ते किती, हे समजून घ्या. बाहेरची वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती पेशींची फळी उभी करतं. त्यांत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात आणि त्या नवं कोलॅजेन विणतात. प्राण्यांवरच्या अभ्यासांत धाग्याभोवती हे नवं कोलॅजेन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं आहे. पण ते असतं धाग्याच्या अगदी लगत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणं वेगळं आणि आरशात दिसणं वेगळं. मोनो धाग्यांनी त्वचा थोडी तुकतुकीत, थोडी भरीव वाटली असं बऱ्याच जणी सांगतात, आणि मी ते नाकारत नाही. पाळी गेल्यावर हरवलेलं 30 टक्के मात्र 20 धाग्यांनी परत येत नाही.

कॉग धाग्यांचा उचललेपणा पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त दिसतो. त्यातला काही भाग सुजेचा असतो, तो सूज उतरली की जातो. उरलेला बहुतेकांच्या बाबतीत 6 महिने ते वर्षभरात ओसरतो. योग्य चेहऱ्यावर, योग्य हातांनी केलं तर थोडा जास्त काळ बरं वाटू शकतं. 2 वर्षांची हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. नणंदेला फरक पडला हे मी खरं धरते, पण तिचं वय, तिच्या गालांची जाडी, तिला घातलेले धागे कोणते, हे तुम्हाला माहीत नाही. ज्यांचा सैलपणा हलका ते मध्यम आहे, ज्यांची त्वचा फार पातळ नाही आणि चेहरा फार जडही नाही, त्यांना धाग्यांचा फायदा दिसतो. मानेखाली त्वचेची घडी लोंबत असेल तर धाग्याने काही साधत नाही, तिथे फेसलिफ्टची शस्त्रक्रियाच लागते आणि ती करायची की नाही हा वेगळा मोठा निर्णय असतो.

आता लग्नाचं. कॉग धागे घातल्यावर सूज, काळेनिळे डाग, तोंड उघडताना ओढ लागणं हे आठवडा-दोन आठवडे चालतं. कुठे खळी पडते, कुठे त्वचेवर चुणी दिसते. बहुतेक वेळा ती आपोआप बसते, पण कधी डॉक्टरांना ती सोडवावी लागते. दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत असंही होतं. 3-4 आठवडे चेहरा चोळायचा नाही, मसाज नाही, फेशियल नाही, वाफ नाही, पालथं किंवा कुशीवर झोपायचं नाही, तोंड फार मोठं उघडायचं नाही. आणि लग्नघरात काय असतं, ते तुम्हाला मी काय सांगणार? हळदीला सगळ्या मुलीला लावतात तशी मुलीच्या आईलाही लावतात, गालांवर चांगली चोळून. मावश्या, काकवा गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडतात. नेमक्या त्याच कानशिलाशी तुमची ताजी छिद्रं असणार. त्यात रात्र रात्र जागरण आणि पाहुण्यांच्या गडबडीत साखरेच्या गोळ्यांची वेळ चुकणं. मुलीची पाठवणी करताना तुम्ही रडणार, आणि तेव्हा चेहऱ्यात काही ओढलं जातंय का याची धास्ती तुमच्या मनात नको. समारंभाआधी धागे घालायचेच असतील तर मी किमान 2 ते 3 महिने हाताशी असल्याशिवाय हो म्हणत नाही.

साखरेचा मुद्दा याहून गंभीर आहे. एचबीएवनसी 8.4 असताना जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. धागा ही शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू. तिच्यावर जंतू बसले तर नुसत्या गोळ्यांनी ते हटत नाहीत, कधी धागा शोधून काढावा लागतो. त्यातही काही संसर्ग क्षयरोगाच्या जंतूंच्या भाईबंदांचे असतात. ते आठवड्यांनी डोकं वर काढतात आणि त्यांचं औषध महिनोन्‌महिने चालतं. हे वारंवार होत नाही. पण गालाखालीच लाळेची मोठी ग्रंथी आणि चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस असते, आणि अननुभवी हाताने त्यांना इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तुमच्या त्वचेची काळे डाग धरण्याची सवयही इथे आड येते. आपल्या भारतीय त्वचेत जिथे जिथे टोचलं, सुजलं, तिथे तिथे मागे डाग राहू शकतो, आणि 20 धागे म्हणजे टोचण्याच्या बऱ्याच जागा.

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. मैत्रिणीने दिलेलं, डाग छान उजळवणारं ते क्रीम. आजच्या आज त्याची ट्यूब उजेडात धरा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव असेल तर ते स्टेरॉईड आहे. अशी क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरी आपल्याकडे ती मैत्रिणी-मैत्रिणींत आणि पार्लरमध्ये सर्रास फिरतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, म्हणून माणूस खूश होतो. पण महिनोन्‌महिने लावलं की स्टेरॉईड त्वचा पातळ करतं, कोलॅजेन तयार होणंच मंदावतं, लाल शिरा दिसू लागतात, बारीक लव वाढते. म्हणजे जे टिकवण्यासाठी तुम्ही 45 हजार मोजायला निघालात, तेच या ट्यूबने रोज थोडं थोडं जात असेल. मात्र एकदम बंद करू नका. बरेच महिने लावलं असेल तर अचानक थांबवल्यावर चेहरा लाल होऊन पेटतो, आणि लग्नाच्या तोंडावर ते नको. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला ट्यूब नेऊन दाखवा, ते कसं कमी करत आणायचं ते सांगतील. धाग्यांचा विचार नंतर करा, हे काम आधी.

या 5 आठवड्यांत आणखी काय करता येईल? रोज सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा 50, उन्हातले यूव्हीए किरण रोखणारं. दोन बोटांवर भरून रेघ काढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. शाळेत स्कूटरवरून जात असाल तर स्कार्फ बांधाच, पण स्कार्फखालीही लावा. डागांची प्रवृत्ती आहे म्हणून आयर्न ऑक्साईड असलेलं, थोडं रंगीत सनस्क्रीन घ्या, ते साध्या उजेडापासूनही बचाव करतं. सनस्क्रीनला कुणी सुरकुत्यांवरचा उपाय मानत नाही, पण ऑस्ट्रेलियात नॅम्बोर या गावात 900हून जास्त लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला होता. तो 2013मध्ये प्रसिद्ध झाला. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत 24 टक्के कमी वयस्क झाली. त्यासोबत रात्री साधं जाडसर मॉइश्चरायझर लावा. पाळी गेल्यावर त्वचा कोरडी पडते, आणि कोरड्या त्वचेवर रेषा जास्त खोल दिसतात. दोन आठवड्यांत फोटोत फरक कळेल. नवं फेशियल, नवी पील, नवी रंगरंगोटी या 5 आठवड्यांत काही नको. कोलॅजेनच्या पावडरींवर पैसे घालवू नका, त्यापेक्षा डाळ-उसळ, अंडी, चालत असेल तर मासे, आणि रोज एखादा पेरू किंवा आवळा खा. शरीराला कोलॅजेन बांधायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं.

लग्न झालं, पाहुणे गेले, स्टेरॉईड असेल तर सुटलं, की डॉक्टरांशी ट्रेटिनॉइनबद्दल बोला. रात्री लावायचं हे औषध 1980च्या दशकापासून उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेसाठी वापरात आहे आणि त्याने नवं कोलॅजेन तयार होतं याचा पुरावा धाग्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे. 0.025 टक्के, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोन रात्री, अशी सुरुवात करतात. पहिले काही आठवडे त्वचा सोलवटते आणि लाल होते, म्हणूनच लग्नाआधी सुरू करू नका म्हणते. फरक दिसायला 3 ते 6 महिने लागतात. ते लटकलेला गाल उचलणार नाही, पण त्वचेचा पोत सुधारेल, बारीक रेषा कमी होतील, डागही फिके होतील. खर्च धाग्यांच्या मानाने अगदी थोडा.

तेवढं करूनही पुढच्या वर्षी धागे घालावेसे वाटले तर जरूर विचार करा, मी अडवणार नाही. पण आधी साखर आटोक्यात हवी. एचबीएवनसी 7च्या आसपास आणून फिजिशियनचा होकार घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने थांबवू नका. डॉक्टर निवडताना त्यांच्या नावापुढची पदवी बघा. त्वचारोगातली एमडी, डीव्हीडी, डीएनबी किंवा प्लास्टिक सर्जरीची एमसीएच. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत त्यांचं नाव ऑनलाइन शोधता येतं. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" अशी नुसती पाटी बघून आत जाऊ नका. तुमचा चेहरा हातात घेऊन, बसवून, हसवून, तुमची साखर विचारून धाग्यांविषयी बोलणारा माणूस स्वतः डॉक्टर असला पाहिजे, आणि धागे घालणाराही तोच. काउन्सेलरने फक्त वेळ ठरवून द्यावी. धागा कोणता, मोनो की कॉग, किती, का, आणि खळी पडली किंवा संसर्ग झाला तर पुढे काय, हे त्यांच्या तोंडून ऐका. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यावर कंपनीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि परदेशी माल असेल तर आयात परवान्याचा क्रमांक असतो. ते लेबल तुमच्या केसपेपरवर चिकटवून घ्या. हे मागितल्यावर कुणी नाराज झालं तर शांतपणे उठून या. सोन्याचे धागे कुणी सुचवले तर तिथेही नको म्हणा. ते विरघळत नाहीत, आयुष्यभर आत राहतात आणि पुढे चेहऱ्याच्या एक्स-रेमध्ये सगळीकडे दिसतात.

राहिलं तुमच्या ह्यांचं बोलणं. माझं काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंत. नाही, ताई. वर्षानुवर्षं वर्ग सांभाळले, घर सांभाळलं, मुलीला मोठी केली, आता तिच्या लग्नाच्या फोटोत आपण नीट दिसावं असं वाटणं यात सोस कसला? ते दाढी करतात, केस रंगवत असतील, त्याला कुणी सोस म्हणत नाही. पण एक कराच. त्यांना जवळ बसवून पाळी गेल्यानंतर शरीरात काय झालं ते सांगा. फक्त चेहऱ्याचं नाही, झोपेचं, सांध्यांचं, चिडचिडीचंही. बऱ्याच घरांत नवऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या पत्रात चेहऱ्याविषयी जेवढं आहे तेवढंच एकटेपणाविषयी आहे, असं मला वाचताना वाटत राहिलं. मन सारखं खाली जात असेल, आरशासमोर जाणं टाळावंसं वाटत असेल, तर ते स्त्रीरोगतज्ज्ञाला मोकळेपणी सांगा. त्यावर उपचार आहेत.

आणि दाढेचं रूट कॅनल लग्नाआधीच उरकून घ्या. ठणकती दाढ घेऊन मांडवात उभं राहणं कठीण, दाढेतला जंतुसंसर्ग साखरही वर ठेवतो. शिवाय पुढे कधी धागे घातलेच तर 3-4 आठवडे दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसता येणार नाही. उद्याच फोन करून वेळ घ्या.